राखणीच्या कुत्र्याचे दुखणे : ओळख व उपाय

बैलाने पाय उचलून धरला की त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्याची वाट धरली जाते. नांगर थांबतो, गाडी थांबते आणि खोळंबलेले काम मालकास स्वस्थ बसू देत नाही. दूध आटले की म्हशीकडे लक्ष जाते. मळ्यावरच्या कुत्र्याचे तसे नाही. त्याच्या कामाचे मोजमाप कोणी ठेवीत नाही. रात्री तो भुंकतो आणि सकाळी भाकरी खातो, एवढ्यावरून तो ठीक आहे असे मानले जाते. यामुळे कुत्र्याच्या अंगातील एखादी वेदना आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिनेच्या महिने तशीच राहते आणि घरातील कोणासही तिचा सुगावा लागत नाही. सुगावा लागतो तो बहुधा कुत्रा घरातल्याच मुलाच्या हातास चावतो तेव्हा. मग कुत्रा बिघडला, असे म्हणून त्याला साखळी तरी पडते किंवा गावाबाहेर नेऊन सोडले तरी जाते.

या दुर्लक्षाच्या मुळाशी एक चुकीचा समज आहे. दुखत असेल तर कुत्रा ओरडेल, विव्हळेल, असे सर्वत्र धरून चालतात. शेपटीवर पाय पडला, हाड मोडले, मधमाशी चावली, तर तो ओरडतो हे खरे. परंतु ही अचानक उठणारी कळ होय. सांध्यातील, दातातील, कानातील किंवा पोटातील टिकून राहणारी वेदना कुत्रा बहुतेक वेळा मुकाट्याने सोसतो. शिकारीवर व कळपात जगणाऱ्या पूर्वजांकडून दुबळेपण न दाखविण्याची ही खोड त्याच्याकडे आली असावी. मालकास पाहून शेपूट हलविणे यावरूनही काही ठरत नाही. मोडक्या पायाचे कुत्रेही मालक आला म्हणजे शेपूट हलवते.

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात कुत्र्याची वेदना मोजण्यासाठी एक गुणपत्रक तयार करण्यात आले. त्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेले संक्षिप्त रूप आज अनेक देशांतील पशुवैद्य शस्त्रक्रियेनंतर किंवा अपघातानंतर वापरतात. त्यात एकूण २४ गुण असून बेरीज ६ किंवा त्याहून अधिक झाल्यास वेदनाशामक उपचाराचा विचार करावा, असा संकेत आहे. शेतकऱ्याने हे गुण घरी मोजावेत असे नाही. ते काम पशुवैद्याचे. पण गुणांची वाटणी पाहण्यासारखी आहे. कण्हणे व ओरडणे यांना २४ पैकी अवघे ३ गुण दिलेले आहेत. उरलेले २१ गुण कुत्रा जखमेकडे किती लक्ष देतो, चालतो कसा, दुखऱ्या जागेभोवती हात लावल्यास काय करतो, त्याची वृत्ती कशी आहे आणि तो बसतो-निजतो कसा, यांना आहेत. म्हणजे कानाने ऐकून जे समजते त्याच्या सातपट डोळ्यांनी पाहून समजते.

काय पाहावे?

कुत्र्याच्या नित्याच्या सवयीत झालेला बदल पाहावा. कोणतेही एक लक्षण सर्व कुत्र्यांना सारखे लागू पडत नाही; एखादा मुळातच आळशी असतो, एखादा मुळातच चिडका. परंतु जो कुत्रा रोज फाटकापर्यंत धावत येत असे तो आता ओट्यावरूनच भुंकतो, जो एका उडीत बैलगाडीत चढत असे तो चाकाशी उभा राहून वर पाहतो, मेंढरांच्या कडेने फिरणारा मागे रेंगाळू लागतो, तर त्याचा अर्थ लावला पाहिजे. आळस अंगात भरला किंवा वय झाले एवढे म्हणून तो प्रश्न मिटवू नये.

चालण्याची परीक्षा सकाळी, कुत्रा झोपेतून उठतो त्या वेळी करावी. सांध्याचा जुनाट विकार असलेला कुत्रा उठताना पुढच्या पायांवर भार घेऊन मागचा भाग हळूहळू उचलतो, पहिली काही पावले ताठरपणे टाकतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. या मोकळे होण्यामुळेच मालक फसतो. दुपारी तो त्याला धावताना पाहतो आणि निश्चिंत होतो. थंडीत व पावसाळी हवेत हा ताठरपणा अनेकदा अधिक जाणवतो. उलट, काटा रुतला असेल, नख फाटले असेल किंवा हाडास इजा झाली असेल तर चालण्याने लंगडणे वाढतच जाते.

कोणता पाय दुखतो हे ओळखण्यास कुत्र्याला दोरीने सपाट जमिनीवर समोरून येताना व पाठमोरा जाताना चालवावे. धावविल्यास दोष लपतो. पुढच्या पायात दुखणे असेल तर निरोगी पाय टेकताना त्याचे डोके खाली जाते आणि दुखरा पाय टेकताना वर उचलले जाते. मागच्या पायात दुखणे असेल तर त्या बाजूच्या कमरेची उचल अधिक दिसते. त्यानंतर दोन्ही मांड्या दोन हातांत धरून पाहाव्यात. ज्या पायावर भार कमी पडतो त्याची मांडी काही आठवड्यांतच रोडावते. ही खूण फार उपयोगी आहे, कारण ती कुत्र्यास लपविता येत नाही.

पंजे तपासल्यावाचून कोणत्याही लंगड्या कुत्र्याची परीक्षा पुरी झाली असे समजू नये. आपल्याकडील माळरानात बाभूळ व बोर यांचे काटे तर असतातच, परंतु पावसाळा सरल्यानंतर कुसळी गवताची वाळलेली कुसळे अधिक त्रास देतात. कुसळाची रचना अशी असते की ते केसांत शिरले म्हणजे पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यातून ते कातडीत शिरते आणि तेथे पू होतो. कानात शिरले तर कुत्रा डोके एका बाजूस कलते ठेवून एकसारखे झटकतो. आश्विन-कार्तिकात मळ्यावरच्या कुत्र्याचे पंजे, बगला व कान रोज संध्याकाळी चाचपून पाहण्याची सवय ठेवल्यास पुष्कळ दुखणी वाचतील. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीस लागत नसल्याने झिजत नाही. ते वाकून मांसात शिरलेले अनेक कुत्र्यांत आढळते.

झोपेकडेही लक्ष द्यावे. वेदना असलेला कुत्रा एका कुशीवर फार वेळ राहत नाही. तो उठतो, फिरतो, जागा बदलतो, पुन्हा बसतो. थंड हवेतही धाप टाकतो. अंगाची एकच जागा सतत चाटल्याने तेथील केस लालसर होतात किंवा गळतात आणि मालक त्यास खरूज समजून गंधकाचे मलम लावीत राहतो. पुष्कळदा त्या जागेच्या खाली सांधा दुखत असतो.

दात दुखत असल्यास कुत्रा भाकरी तोंडात घेऊन टाकून देतो, एकाच बाजूने चावतो, तोंडास दुर्गंधी येते, लाळ गळते. भूक असते पण खाववत नाही, हे दृश्य पाहण्यासारखे आहे: तो ताटलीकडे उत्साहाने जातो आणि मागे फिरतो. डोळा अर्धवट मिटून धरणे हे बुबुळावरील जखमेचे चिन्ह होय. त्यात घरातील जुने थेंब घालू नयेत, विशेषतः स्टेरॉइड असलेले, कारण त्यामुळे व्रण खोल जाऊन डोळा जाण्याचा धोका असतो. पोटात कळ असली तर कुत्रा पाठीस कमान देतो, किंवा पुढचे पाय लांबवून छाती जमिनीला टेकवितो व मागचा भाग उंच ठेवतो. आळस देतानाही तो असेच करतो, पण आळस क्षणात संपतो. पोटदुखीत तो याच स्थितीत थांबून राहतो.

स्वभावातील बदल हा सर्वांत अधिक गैरसमज करून देणारा आहे. मुलांना अंगावर लोळू देणारा कुत्रा गुरगुरू लागला तर त्यामागे दुखरी कंबर किंवा दुखरा कान असू शकतो. अशा वेळी काठी उगारल्याने वेदनेत भीतीची भर पडते आणि पुढच्या वेळी तो गुरगुरण्याची सूचना न देताच चावतो.

तथापि येथेच एक कडक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. स्वभाव एकाएकी बदलणे हे पिसाळीचेही, म्हणजे रेबीजचेही, लक्षण आहे. पिसाळीच्या एका प्रकारात कुत्रा चवताळत नाही. तो मुका होतो, अंधारात जाऊन बसतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते आणि गिळता येत नाही. पाहणाऱ्यास वाटते की घशात हाड अडकले आहे. ते काढण्यासाठी तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते, कारण या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्यच. असा कुत्रा हात न लावता कोंडून ठेवावा व पशुवैद्यास बोलवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्यास पिल्लू असताना तीन महिन्यांच्या सुमारास व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमितपणे पिसाळीची लस टोचलेली असली म्हणजे त्याच्या दुखण्याची तपासणीही निर्धास्तपणे करता येते.

तपासताना एकाने डोक्याशी बसावे व दुसऱ्याने निरोगी भागापासून सुरुवात करून दुखऱ्या भागाकडे हळूहळू यावे. नजर पायावर न ठेवता कुत्र्याच्या तोंडाकडे ठेवावी. धाप एकदम थांबणे, ओठ चाटणे, कान मागे जाणे, हाताकडे मान वळविणे, यांपैकी काही दिसले की दुखरी जागा सापडली असे समजून दाबणे थांबवावे. कुत्रा कितीही मायाळू असला तरी तीव्र वेदनेत तो चावू शकतो. म्हणून मऊ कापडाच्या पट्टीने त्याचे तोंड सैलसर बांधावे, पट्टीची टोके हनुवटीखालून नेऊन कानांमागे गाठ द्यावी. उलट्या होत असतील किंवा श्वास लागला असेल तर मात्र तोंड कदापि बांधू नये.

घरातील गोळी

दुखणे ओळखण्यात होणाऱ्या विलंबापेक्षाही अधिक नुकसान घाईने दिलेल्या गोळीने होते. माणसाच्या अंगदुखीची गोळी घरोघर असते, आणि कुत्र्यालाही ती भाकरीच्या तुकड्यात घालून दिली जाते. ही चूक का, हे समजण्यास वेदनेची क्रिया थोडी पाहिली पाहिजे. एखाद्या जागी इजा झाली की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि मज्जातंतूंची टोके हळवी होतात. अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, म्हणून दुखणे थांबते. परंतु त्याच जातीची द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. औषध प्रमाणाबाहेर गेले की हे रक्षणही नाहीसे होते. कुत्र्याचे शरीर यांतील कित्येक औषधे माणसाइतक्या सहजतेने बाहेर टाकू शकत नाही.

आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दहा किलो वजनाच्या कुत्र्यास दिली तर त्याच्या वजनाच्या दर किलोस ४० मिलिग्रॅम औषध पडते. एवढ्याने उलट्या, जठरात व्रण आणि डांबरासारखी काळी विष्ठा होऊ शकते. डायक्लोफेनॅकही कुत्र्यास असेच घातक आहे. (गुरांसाठी या औषधाच्या वापरास भारतात २००६ साली बंदी झाली ती निराळ्या कारणाने. औषध दिलेल्या मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती.) पॅरासिटामॉल पशुवैद्य कधी कधी मोजून देतात, पण प्रमाण चुकल्यास यकृत बिघडते, मांजरास तर त्याची एक गोळीही प्राण घेऊ शकते.

कुत्र्यास चालणारी वेदनाशामके आहेत. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही त्यांपैकी काही होत. परंतु मात्रेचा हिशोब पाहावा. मेलॉक्सिकॅमची रूढ मात्रा पहिल्या दिवशी दर किलो वजनास ०.२ मिलिग्रॅम व पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम अशी आहे. पंधरा किलोच्या कुत्र्यास पहिल्या दिवशी ३ मिलिग्रॅम व पुढे रोज दीड मिलिग्रॅम पुरते. औषधाच्या दुकानात माणसासाठी मिळणारी १५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्या कुत्र्याची दहा दिवसांची मात्रा एका घासात देणे होय. शिवाय उलट्या-जुलाबाने अंगातील पाणी कमी झालेला, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा रोगी, गाभण कुत्री, गोचिडीच्या तापाने नाकातून रक्त येणारा कुत्रा, यांना ही औषधे धोक्याची आहेत. स्टेरॉइड चालू असताना तर ती देऊच नयेत. यास्तव वजन करून, पशुवैद्याने लिहून दिलेले औषध, सांगितलेल्या दिवसांपुरतेच, पोटात अन्न असताना द्यावे. अन्नावरची वासना गेली, उलटी झाली किंवा विष्ठा काळी दिसली तर औषध तत्काळ थांबवून दवाखान्यात कळवावे.

औषध उगाच देऊ नये, तसेच सोसेल म्हणून टाळूही नये. वेदना दीर्घकाळ चालू राहिली तर मज्जारज्जूतील वाटा अधिकाधिक हळव्या होतात. मग हलका स्पर्शही दुखतो आणि प्रारंभी जे औषध पुरले असते ते पुढे पुरत नाही. नसबंदी किंवा दुसरी शस्त्रक्रिया करविताना नंतरच्या दिवसांसाठी वेदनाशामक काय द्यावयाचे, हे मालकाने आपण होऊन विचारावे. टाका चघळणारा कुत्रा खोडकर असतोच असे नाही.

लंगड्या पायावर डागणी देण्याची चाल अजून कोठे कोठे आहे. डागल्यानंतर कुत्रा पाय टेकू लागला असे सांगतात. पण अनेक मुरगळी विश्रांतीने आपोआपच बऱ्या होतात आणि श्रेय डागणीस मिळते. भाजल्याची जखम मात्र खरी असते, व तीत माश्या बसून अळ्या पडतात. रॉकेल, फिनाईल, इंजिनाचे जळके तेल यांनी कातडी भाजते आणि चाटल्याने विषबाधा होते. डोकेदुखीचे बाम लावणेही याच कारणाने वर्ज्य समजावे.

घरी करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. नुकत्याच झालेल्या मुरगळीस पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. जुनाट सांधेदुखीस ऊबदार शेक चांगला. शेकाचे कापड आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे. ओल्या फरशीवर निजणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यास कोरड्या पोत्यांची जाड बैठक द्यावी. पूर्ण बांधून ठेवल्याने स्नायू रोडावतात, म्हणून एकदम लांब न चालविता थोडे थोडे दोन-तीन वेळा चालवावे. अंगाने सुटलेल्या कुत्र्याची भाकरी कमी करणे हा तर बिनखर्ची इलाज आहे. सांधेदुखीच्या स्थूल कुत्र्यांचे वजन सुमारे सहा टक्क्यांनी उतरताच लंगडणे कमी झाल्याचे पाहणीत दिसून आले आहे. वीस किलोच्या कुत्र्यात ही घट जेमतेम सव्वा किलोची भरते.

काही वेळी मात्र घरगुती उपायात एक तासही घालवू नये. पोट फुगले आहे, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काही पडत नाही, अशी स्थिती कारवानीसारख्या खोल छातीच्या जातींत विशेषतः प्राणघातक ठरते. नर कुत्रा पाय उचलून जोर करतो आणि लघवीचा थेंबही येत नाही, मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडतात, डोळ्यास मार लागतो, कुत्री अर्धा तास जोराने कळा देऊनही पिल्लू बाहेर येत नाही, या सर्व प्रसंगी ताबडतोब दवाखाना गाठावा. जखमी कुत्र्यास उचलून न नेता फळीवर किंवा ताणून धरलेल्या घोंगडीवर सरकवून न्यावे. बेशुद्धीचे औषध द्यावे लागण्याचा संभव असल्याने वाटेत खाऊ घालू नये.

हाडांचा कर्करोग किंवा अपघातातील भयंकर मोडतोड अशी काही दुखणी उपचारापलीकडची असतात. अशा कुत्र्यास माळावर सोडणे किंवा विष घालणे म्हणजे त्याच्या यातना वाढविणे होय. भुलीचे औषध टोचून त्यास वेदनारहित मरण देण्याची सोय पशुवैद्याकडे असते, आणि ती वेळ आली आहे किंवा नाही हेही त्यानेच ठरवावयाचे असते.

दवाखान्यात नेण्यापूर्वी आठवडाभराची साधी नोंद केलेली असल्यास निदानास फार मदत होते. सकाळी उठण्यास किती वेळ लागला, ओट्यावर चढला किंवा नाही, किती खाल्ले, रात्री किती वेळा जागा बदलली, कोठे चाटतो, एवढे वहीत रोज लिहावे. दुधाची नोंद ठेवणाऱ्या घरास हे अवघड नाही. घरच्या भ्रमणध्वनीवर कुत्र्याच्या चालण्याचे चित्रण करून नेल्यास अधिकच चांगले, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा कित्येकदा लंगडण्याचे विसरून सरळ चालतो. जनावर नेणे शक्य नसल्यास १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाविषयी विचारावे. घरातील एखादी गोळी आधीच दिली गेली असेल तर ती गोष्ट संकोचाने लपवू नये. गोळीचे वेष्टन सोबत न्यावे आणि केव्हा व किती दिली ते सांगावे. पुढचे औषध कोणते देता येईल हे त्यावर अवलंबून असते.